इकिगाई, रीतसर पत्र आल्यावर

२ जानेवारी, गुरुवार. सकाळी ८.१०

मुद्दाम दोन तारखेला सुरुवात करतो आहे. एक तारखेचे संकल्प टिकत नाहीत, हे चौतीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं आहे. ही वही फक्त माझ्यासाठी.

निवृत्त होऊन दोन महिने झाले. क्वालिटीचा एजीएम म्हणून बाहेर पडलो. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. तेव्हापासून थकवा आहे. काही न करता माणूस इतका थकतो, हे निरोपाच्या भाषणात कुणीच सांगितलं नाही.

शमिकाने पुण्याहून ऑनलाइन कोर्स लावून दिला आहे. 'इकिगाई : जगण्याचं कारण शोधा, चाळीस दिवसांत.' मुलगी म्हणाली, बाबा, तुम्हाला याची गरज आहे. आधी प्रतिमाशी, म्हणजे तिच्या आईशी, बोलून मग मला फोन केला होता. शिकवणारा कोणी गिरीराज. वय बत्तीस. जपानला गेलेला नाही, पण आवाज शांत आहे.

संकल्प : पहाटे पाचला उठणे. आज उठलो ७.४०ला. संकल्प आज केला, तो लागू उद्यापासून.

४ जानेवारी, शनिवार

पाचला जाग आली. श्रेय माझं नाही, प्रतिमाच्या शिवणयंत्राचं. बंगळुरातल्या जे. पी. नगरच्या आमच्या भागात कुणाकडे बाळ झालं की झबली-टोपडी प्रतिमाकडून. कानडी, तामीळ, मारवाडी, सगळ्यांची बाळं आमच्याच झबल्यात. यंत्र पूर्वी हॉलमध्ये खिडकीशी असायचं. तिथे उजेड उत्तम, म्हणून डिसेंबरात मी तिथे माझं टेबल लावलं. यंत्र बेडरूममध्ये गेलं. आता पहाटे कानाशी खडखड.

विचारलं, दुपारी का नाही शिवत? म्हणाली, दुपारी तुम्ही असता. हे काही कारण झालं नाही. परत झोपलो.

५ जानेवारी, रविवार

पहिला वर्ग. गिरीराज मला विद्याधर-सान म्हणाला. बरं वाटलं. खूप दिवसांत कुणी नावापुढे काही लावलं नव्हतं.

चार वर्तुळं काढायची. तुम्हाला काय आवडतं, काय जमतं, जगाला काय हवं, आणि कशाचा मोबदला मिळेल. चारी जिथे एकमेकांवर येतात तिथे इकिगाई. बाकीच्यांनी हाताने काढली, बटाट्यासारखी. मला ते चालत नाही. कंपासपेटी शोधण्यात दुपार गेली. व्यास दहा सेंटिमीटर, ओव्हरलॅप तीन. उत्तम आली.

आत काय लिहायचं ते सुचेना. प्रतिमा मेथी निवडत होती. विचारलं, मला काय आवडतं गं? म्हणाली, दुसऱ्यांच्या चुका काढायला. आणि जमतं काय? म्हणाली, तेच. दोन्ही वर्तुळांत 'तपासणी' लिहिलं. अर्धं काम पहिल्याच दिवशी झालं.

८ जानेवारी, बुधवार

देवाप्पाचा फोन. माझ्या सेक्शनला फिटर होता, बेळगावकडचा. व्हीआरएस घेऊन बोम्मसंद्राला स्वतःचं वर्कशॉप काढलं. होसकोट्याच्या एका जपानी कंपनीला पार्ट पुरवतो. सहा फेब्रुवारीला त्यांचा माणूस ऑडिटला येणार आहे. म्हणाला, सर, रोज दोन-तीन तास येऊन बसून जावा की. चहा हाय, फॅन हाय. काम केलंच पाहिजे असं काय नाही.

शेवटी आठवण आलीच त्यांना. असल्या कामाला माझ्याच नजरेचा माणूस लागतो. पण लगेच हो म्हटलं नाही. सध्या जगण्याचं कारण शोधतो आहे, वेळ कमी आहे, असं सांगितलं.

प्रतिमाने विचारलं, मग कधीपासून जाताय? मी म्हटलं, असं उठून कसं जाता येईल? रीतसर पत्र हवं. हुद्दा, कामाचं स्वरूप, कालावधी. ती नुसती बघत राहिली. दूध उतू गेलं. तिचं असं सहसा होत नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

जपानी लोक ऐंशी टक्के पोट भरलं की थांबतात. आजपासून मीही. पण ऐंशी टक्के मोजायचे कसे? गिरीराज म्हणतो, शरीर सांगतं. माझं शरीर असं कधी काही सांगत नाही. म्हणून मापच ठरवलं. रोज चार पोळ्या, त्याचे ऐंशी टक्के म्हणजे तीन पूर्णांक दोन दशांश. प्रतिमा म्हणाली, दोन दशांश पोळी मी लाटणार नाही. तीनवर तडजोड.

साडेअकराला कोपऱ्यावरच्या दर्शिनीत इडली-वडा. तो घराबाहेर खाल्ला, त्यामुळे हिशेबात धरलेला नाही.

१२ जानेवारी, रविवार

देवाप्पाने व्हॉट्सॲपवर पत्र पाठवलं. मजकूर संपूर्ण देतो : 'सर, प्लीज या. देवाप्पा.'

याला पत्र म्हणत नाहीत. दुरुस्त्या सुचवून परत पाठवलं. एकूण अकरा. विषय लिहावा, संदर्भ लिहावा, 'सल्लागार, गुणवत्ता' असा हुद्दा लिहावा. उत्तर आलं, 'सरी सर', म्हणजे ठीक आहे. त्या माणसात सुधारणेची इच्छा दिसते.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

देवाप्पा स्वतः आला. दोन ऊस, एळ्ळु-बेल्लाचा, म्हणजे इकडच्या तीळ-गूळ-खोबऱ्याचा, डबा आणि लेटरहेडवर टाइप केलेलं पत्र. प्रतिमाने त्याला तिळगूळ दिला, कॉफी दिली, मग आणखी एकदा कॉफी दिली. मला दुसरी मिळाली नाही. दोघं दारापाशी बराच वेळ कानडीत बोलत होती. मी आत पत्र तपासत असल्यामुळे ऐकलं नाही.

पत्र बरं होतं, पण तारीख नाही आणि जावक क्रमांक नाही. जावक क्रमांकाशिवाय पत्र म्हणजे नुसता कागद. परत दिलं. देवाप्पाने माझ्याकडे पाहिलं, मग प्रतिमाकडे पाहिलं, मग पत्र घडी करून खिशात ठेवलं. माझ्या हाताखाली अठरा वर्षं काढलेला माणूस. सवय आहे.

तो गेल्यावर प्रतिमा म्हणाली, काखेत कळसा आणि गावाला वळसा. म्हणी ऐकवणं हा चर्चेचा मार्ग नाही, असं मी तिला सांगितलं.

१८ जानेवारी, शनिवार

पाचला उठणे : या आठवड्यात शून्य. थंडी. नियम मार्चपासून.

आज कायझेन. रोज छोटी सुधारणा. प्रतिमा बाजारात गेली असताना स्वयंपाकघरातले डबे वापराच्या वारंवारितेनुसार लावले. छत्तीस डबे. चिकटवायला लेबलं नव्हती, ती उद्या. कारखान्यात याच कामासाठी माझ्या हाताखाली सहा माणसं होती. इथे एकट्याने केलं. कंबर गेली.

दुपारी ४.००. आमटीत साखर. खूप साखर. प्रतिमा तेहेतीस वर्षं न बघता हात घालते, तेवढ्यावरून तिने मीठ समजून घातली. हा पद्धतीचा दोष नव्हे, हा बदलाला होणारा विरोध. पण हे तिला सांगितलं नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मुकाट्याने आमटी ओतली, हात धुतले आणि गच्चीत जाऊन बसली. दोन तास. वर डोकावून पाहिलं. काही करत नव्हती. नुसती पाण्याच्या टाकीला टेकून बसली होती. मला म्हणाली, बसू द्या हो जरा. एकटीला.

खाली आलो. डबे पूर्ववत लावायला गेलो तर पूर्वी कुठे काय होतं तेच आठवेना.

२३ जानेवारी, गुरुवार

वनस्नान. जंगलात शांत बसून झाडांचा सहवास घ्यायचा. जंगल लांब, ट्रॅफिक भयंकर. बाल्कनीत कढीपत्त्याच्या कुंडीशेजारी खुर्ची टाकली. डोळे मिटले. वीस मिनिटं ठरली होती, पावणेदोन तास झाले. अनुभव खोल होता. जाग आली तेव्हा अंगावर ओला टॉवेल. प्रतिमा म्हणाली, वाळत घालायला दुसरी जागा नव्हती.

झोपेतून उठूनही थकवा जात नाही, हे गिरीराजला विचारायला हवं.

२७ जानेवारी, सोमवार

देवाप्पा परत आला. तिसरं पत्र. तारीख आहे, जावक क्रमांक आहे, हुद्दा आहे, खाली शिक्का. एकही चूक नाही. मी दोनदा वाचलं. जरा वाईटच वाटलं.

म्हणाला, डिप्लोमा झालेली चैत्रा नावाची मुलगी इन्स्पेक्शनला घेतली आहे, ऑडिटची तयारी ती करते आहे, तुम्ही येऊन नुसतं बघा. मी म्हटलं, पत्र विचाराधीन आहे. त्याने विचारलं, कुणाच्या विचाराधीन? आता काय सांगणार. घरातून जावक निघायला दोन-तीन दिवस लागतात, म्हटलं.

३० जानेवारी, गुरुवार

पत्र टेबलावर आहे. वर पेपरवेट आहे. हो लिहायचं आहे. लिहायला बसलो की वाटतं, उद्या लिहावं. हो म्हटलं आणि तिथे जाऊन मला काहीच कळलं नाही तर? यंत्रं सगळी नवी. हे वाक्य खोडायचं आहे.

देवाप्पाचा फोन आला. घेतला नाही. घेण्यासारखी मनःस्थिती नव्हती. प्रतिमाचा फोन वाजला, ती बाहेर जाऊन बोलली.

२ फेब्रुवारी, रविवार

दहा वाजता झूम लावून बसलो. आम्ही सतरा जण एकमेकांची कपाळं बघत. गिरीराज आलाच नाही. दुपारी ग्रुपवर मेसेज, 'फार दमलो आहे. थोडा ब्रेक घेतोय. स्वतःला शोधायचं आहे. उरलेले वर्ग कळवीन.' खाली हात जोडलेले.

चौथं वर्तुळ रिकामंच आहे. तिसऱ्यातही फार काही नाही. जगाला काय हवं, हे गिरीराज आज सांगणार होता.

५ फेब्रुवारी, बुधवार

निर्णय घेतला! उद्या ऑडिटला जातो. प्रत्यक्ष जपानी माणूस येणार आहे. असल्या मध्यस्थांकडून शिकण्यापेक्षा मुळाशी जावं. ऑडिटही मीच सांभाळून देईन. देवाप्पाला फोन केला. तो म्हणाला, या की सर, तुम्हाला कोण नको म्हणतंय.

प्रतिमाने ब्लेझरला इस्त्री केली. न सांगता. इस्त्री करताना काही तरी गुणगुणत होती. असं ऐकून बरेच दिवस झाले. माझी पत वाढते आहे हे तिच्याही लक्षात आलेलं दिसतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी २.३०, बोम्मसंद्रा

देवाप्पाच्या ऑफिसात बसून लिहितो आहे. सकाळचा वृत्तान्त.

वर्कशॉप चकचकीत. जमिनीवर पिवळे पट्टे, प्रत्येक गेजवर लेबल, फाइली हाताशी. चूक शोधली. सापडली नाही. एका लेबलचा कोपरा जरा वर आला होता, तो मी दाबून बसवला. चैत्रा म्हणाली, थँक्यू अंकल. अंकल.

जपानी गृहस्थ म्हणजे ओकादा-सान. पन्नाशीचे, बारीक, डोळ्यांखाली काळं. बोलले कमी, बघितलं सगळं. चैत्रा पटापट उत्तरं देत होती. दोनदा मी मध्ये बोललो. ओकादा-सान दोन्ही वेळा माझ्याकडे वळून कमरेत वाकले आणि पुन्हा चैत्राला विचारू लागले.

चहाच्या वेळी संधी साधली. विचारलं, तुमची इकिगाई काय? त्यांना आधी कळलं नाही. मग हसले. म्हणाले, माझी आजी हा शब्द वापरायची. तिच्या कोंबड्यांबद्दल. मी म्हटलं, पण तुमची स्वतःची? त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, संडे. स्लीप. तीन वर्षं इथे आहेत, बायको-मुलगी तिकडे, रोज पाचला उठतात, पाच तास गाडीत जातात.

निद्रा! यात निश्चित काही खोल अर्थ आहे. पुढे विचारणार, तर त्यांनी हात मांडीवर ठेवून डोळे मिटले. ध्यान असणार. मीही शेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर डोळे मिटले. शब्दांपलीकडचा संवाद म्हणतात तो हाच. अर्ध्या तासाने देवाप्पाने आम्हा दोघांना हलवून उठवलं. ओकादा-सान घोरत होते. मी घोरत होतो की नाही, ते विचारलं नाही.

आता निकालाची वाट बघतो आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

काल पुढचं लिहवलं नाही. आज लिहितो.

ऑडिट पास. संपूर्ण अहवालात एकच त्रुटी. 'तपासणी कक्षात सेफ्टी शूज न घातलेली बाहेरची व्यक्ती.' माझ्या पायात निरोपसमारंभाचे काळे बूट होते. चैत्रा म्हणाली, काही नाही अंकल, मायनर आहे.

देवाप्पाने गाडीतून घरी सोडलं. सिल्क बोर्डच्या चौकात सिग्नल लागला आणि सुटेना. मी म्हटलं, ऑडिट झालं, आता नियमित कामाचं बोलू. सोमवारपासून येतो. तो स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, सर, राग धरू नका. आता जागा नाही. तुमच्या खुर्चीच्या जागी पुढल्या आठवड्यात नवं मशीन येतंय. मग म्हणाला, अक्कांना तेवढं सांगा सर, मी कमी केलं नाही. किती फोन केलो, दोनदा घरला आलो, तीन पत्रं दिलो.

प्रतिमाला तो अक्का म्हणतो. मी विचारलं, अक्कांना का सांगायचं?

मागून हॉर्न. सिग्नल हिरवा झाला, चार गाड्या गेल्या, पुन्हा लाल. मग त्याने सांगितलं. डिसेंबरात प्रतिमाने त्याला फोन केला होता. म्हणाली होती, सरांना दिवसातून तीन तास कुठे तरी बसायला जागा दे. काम नसलं तरी चालेल. त्यांना कळू देऊ नकोस, मानी आहेत. म्हणाला, हे सांगताना रडल्या अक्का. मी एवढ्या वर्षांत त्यांना कधी रडताना ऐकलं नव्हतं.

मीही ऐकलेलं नाही.

पंचवीस मिनिटं सिल्क बोर्डला होतो. राग आला. कुणावर काढायचा ते ठरेना. देवाप्पावर काढावा तर तो बिचारा दोन ऊस घेऊन बेळगावच्या मराठीत विनवत फिरला. प्रतिमावर काढावा तर तिने मागितलं काय, स्वतःच्या घरात तीन तास. मग राग गेला आणि नुसतं वाईट वाटत राहिलं. देवाप्पाला म्हटलं, पत्र चांगलं लिहिलं होतंस तिसरं. तो म्हणाला, चैत्राने लिहिलं सर.

घरी प्रतिमाने विचारलं, कसं झालं? म्हटलं, पास. दमलो आहे. जेवून झोपलो. अडीच पोळ्या. मोजल्या नव्हत्या, तेवढ्याच गेल्या.

८ फेब्रुवारी, शनिवार. सायंकाळी ६.००

दिवसभर तिने काही विचारलं नाही. पण दर थोड्या वेळाने कामात थांबून माझ्याकडे बघत होती. चहा देताना शेवटी म्हणाली, अहो, देवाप्पा पुढचं काही बोलला का?

खरं सांगणार होतो. वाक्य तयार होतं. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तोंडातून भलतंच गेलं. म्हणालो, हो, रोज या म्हणतात. दहा ते एक. माझ्याशिवाय त्यांचं अडतं म्हणे.

ती खुर्चीत बसली. म्हणाली, खरंच? मी म्हटलं, मग काय. रोज? म्हटलं, रोज, शनिवारसुद्धा. तिने पदराने चेहरा पुसला, उगाचच, उकडत नव्हतं. इतकी वर्षं बढत्यांच्या बातम्या आणल्या, एकदा सुवर्णपदक आणलं, पण अशी ती कधी बसली नव्हती. मला बरं वाटलं आणि त्याच वेळी फार एकटं वाटलं. मी घरात नसणं ही इतकी आनंदाची गोष्ट असेल असं वाटलं नव्हतं. पण तिला ती हवी आहे, आणि मला देता येण्यासारखं दुसरं काही दिसत नाही.

टेबल मीच ओढून बाजूला केलं. म्हटलं, यंत्र आण इथे, उजेड चांगला आहे. ती गच्चीत जाऊन शमिकाशी बोलून आली. बाबांना कशी मागणी आहे, ते सांगत होती. मग विचारलं, डब्याला काय देऊ? म्हटलं, डबा नको, दोनपर्यंत तर परत येतो, आणि तिथे कॅन्टीन आहे.

सोमवारी सव्वानऊला निघायचं आहे. आमच्या इथलं पार्क दहाला बंद होतं. लायब्ररीत वॉचमन ओळखीचा आहे, तो प्रतिमाला सांगेल. मॉलमध्ये तीन तास बसू देतात का, ते माहीत नाही. उद्या रविवार आहे, उद्या काय ते बघू.